पुरासाठी बोट: जेट की पंख्याची?

पावसाळा तोंडावर आला की बचाव बोटीचा विषय निघतो. जुलै २०२१ मध्ये महाडला सावित्रीचं पाणी घराघरात शिरलं, ते आपण पाहिलंय. आपल्या रोहा तालुक्यातही कुंडलिका आहे. मग बोट घ्यायची तर कोणती?

जेट बोटीला तळाखाली पंखा नसतो. आतला पंप खालून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन या शेतकऱ्याने १९५० च्या दशकात ती तिकडच्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी पुढे आणली. पाण्यातल्या माणसाला पात्याचा धोका नाही, हा तिचा मोठा गुण.

पण आपला पूर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पेंढा, प्लास्टिक, फांद्या सगळंच वाहत येतं. पंपाच्या जाळीत हे अडकलं की भर धारेत बोटीचा जोर जातो. माणसं भरून सावकाश चालवायची तर तेलही जास्त पितं.

पंख्यातही दोरी, कुंपणाची तार गुंतते. पण बाहेरचं इंजिन वर उचलून ती सोडवता येते. सावकाश ओढायला ताकद चांगली, आणि दुरुस्ती जाणणारे खाडीकडच्या कोळीवाड्यात मिळतात.

म्हणून माझं मत पंख्याच्या बोटीला, पण पंख्याभोवती जाळीचं संरक्षण हवंच. आणि गावातली दोन पोरं शिकवून ठेवा, इंजिन दर महिन्याला चालू करा. नाहीतर कोणतीही बोट गोदामातच बुडाली समजा.

तुमच्याकडे कोणती बोट आहे, लिहा.