हक्कमुक्त चित्रपट जनतेचे

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात निवर्तले. त्याच नाशकात सातपूरच्या कामगाराला जुना चित्रपट घरी पाहायचा, तर दरमहा वर्गणी भरावी लागते किंवा चोरीची प्रत शोधावी लागते. वास्तविक १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. कथा, गीते व संगीत यांचे हक्क मात्र निराळे असतात. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा मूकपट केव्हाच जनतेचा झाला असून त्याची उरलेली रिळे महाजालावर विनामूल्य व कायदेशीररीत्या पाहता येतात.

परंतु हक्क संपला तरी चांगली प्रत ज्याच्या कुलपात, चित्रपट त्याच्याच स्वाधीन राहतो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सार्वजनिक पैशावर उभे आहे; २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. महामंडळाने नफ्याचा हिशेब जरूर करावा. मात्र पूर्णतः हक्कमुक्त झालेला प्रत्येक चित्रपट घरोघरी विनामूल्य पोहोचविणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ज्यांच्या घरी साधन नाही, त्यांच्यासाठी गावोगावच्या वाचनालयांनी पडदा लावावा. १८४० पासून ग्रंथ जपणाऱ्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या शहरातूनच कार्यकर्त्यांनी ही मागणी उचलावी.