नवा संगणक ‘हँग’ होतो तेव्हा



तयार संगणक विकत न घेता त्याचे निरनिराळे भाग आणून ते घरीच जुळवावेत, ही हौस आता मोठ्या शहरांतील तरुणांपुरती राहिलेली नाही. गावातील मुलेही मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, एसएमपीएस आणि कॅबिनेट मागवितात, आणि एखाद्या सुटीच्या दिवशी सारे जुळवून पडदा उजळवितात. ही कौतुकाचीच गोष्ट होय. परंतु पुढे चारच दिवसांत ते यंत्र ‘हँग’ होऊ लागले, म्हणजे पडदा थिजला, माउसचा बाण हलेना, कळा दाबून उपयोग होईना, की घरच्या आनंदावर विरजण पडते. वडिलांनी काटकसरीने साठविलेले पैसे त्यात गेलेले असतात; मुलाने ‘मला जमेल’ असा शब्द दिलेला असतो. यंत्राबरोबर त्या शब्दाचीही किंमत पणाला लागते.

अशा वेळी माणसे बहुधा उतावीळ होतात. एक जण सर्व भाग एकदम उचकटून पुन्हा बसवितो. दुसरा कोणा परिचिताच्या सांगण्यावरून नवी रॅम किंवा नवा एसएमपीएस विकत आणतो. दोष भलत्याच ठिकाणी असला तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होते. दोष शोधण्याची एक शिस्त आहे, आणि ती दोन वाक्यांत सांगता येईल: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि जे केले ते तारखेसह लिहून ठेवावे.

ही शिस्त नवी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठात उभारलेल्या ‘मार्क दोन’ नामक अवाढव्य गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला, तेव्हा एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटविला आणि शेजारी वेळेसह नोंद केली. ते पान आजही अमेरिकेतील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या संग्रही आहे. दोष क्षुल्लक होता. पण नोंद ठेवण्याची सवय होती, म्हणून तो पुढच्यांना ठाऊक झाला.

तेव्हा प्रथम एक वही घ्यावी. यंत्र केव्हा हँग झाले, सुरू केल्यापासून किती वेळाने झाले, त्या वेळी काय चालले होते, हे तीन रकान्यांत लिहावे. त्याच वेळी कळफलकावरील ‘कॅप्स लॉक’ची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत व विझत असेल, तर यंत्र आतून जागे आहे आणि दोष पडद्याच्या किंवा ग्राफिक्सच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. दिवा ढिम्म राहिला, तर सारे यंत्रच थांबले आहे असे समजावे. यंत्र हँग न होता आपोआप बंद पडत असेल किंवा पुन्हा सुरू होत असेल, तर तो रोग निराळा. तेथे वीजपुरवठा आणि उष्णता ह्यांकडे आधी पाहावे. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएसला दोषी ठरवितात. वस्तुतः यंत्र रीतसर बंद न होता थांबले, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

पुढील काम म्हणजे दोष यंत्राच्या भागांत आहे की आज्ञावलीत, हे ठरविणे. लिनक्सची उबंटूसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन, आतील डिस्कवर काहीही न बसविता, यंत्र तिच्यावरून चालवावे. तेथेही ते हँग झाले, तर विंडोज पुन्हा पुन्हा बसविण्याचे श्रम बहुधा व्यर्थ होत. तेथे दिवसभर नीट चालले, तर विंडोज, तिचे ड्रायव्हर किंवा एसएसडी ह्यांवर संशय घ्यावा.

भागांत दोष असल्याचे दिसल्यास रॅमची परीक्षा आधी करावी, कारण ती सोपी आहे आणि बिनखर्चाची आहे. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा विनामूल्य कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एकही चूक दिसली, तरी ती क्षम्य मानू नये. स्मृतीत शंभरांत नव्याण्णव बरोबर, असे चालत नाही. तथापि लगेच पट्टीला दोष देऊ नये. वेगवान रॅमच्या वेष्टनावर ३६०० सारखा जो आकडा असतो, तो वेग बायॉसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू केल्यावरच मिळतो. काही मदरबोर्ड व प्रोसेसर यांना तो ताण सोसत नाही. ती सोय बंद करून यंत्र मूळच्या मंद वेगाने चालवून पाहावे. तेवढ्याने हँग होणे थांबले, तर रोगाचे मूळ सापडले.

न थांबल्यास पट्ट्यांची अदलाबदल करावी. यंत्र बंद करून वायर सॉकेटमधून काढावी, आणि अंगातील स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. मग पहिली पट्टी एकटीच एका खाचेत बसवून परीक्षा करावी. नंतर दुसरी पट्टी त्याच खाचेत बसवून करावी. एकच पट्टी चुका दाखवीत असेल, तर दोष तिचा. दोन्ही पट्ट्या त्याच खाचेत चुकतात आणि दुसऱ्या खाचेत बिनचूक चालतात, असे आढळले, तर दोष खाचेचा, मदरबोर्डाचा किंवा प्रोसेसरच्या बैठकीचा. दोष कोणाबरोबर फिरतो आणि कोठे मुक्काम करतो, हे पाहणे हेच ह्या विद्येचे सार होय.

उष्णतेची तपासणी थोडक्यात होते. कूलरच्या तळाला चिकटविलेला प्लास्टिकचा पापुद्रा काढावयाचा राहून जातो. पंखा फिरत नसतो. चार स्क्रूंपैकी एखादा सैल असतो. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात जात असेल, तर कूलर काढून, जुनी पेस्ट पुसून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट घालून तो पुन्हा बसवावा. उन्हाळ्यात खोलीच जेथे तापते, तेथे हे अधिक जपावे. विजेच्या बाबतीत सॉकेटला खरे अर्थिंग आहे काय, आणि सर्व जोडण्या पक्क्या बसल्या आहेत काय, हे पाहावे. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्याच्या आत घातक वीज साठून राहते.

येथे एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. दोष नेहमी जुळविणाऱ्याच्या हाताचाच असतो असे नाही. एएमडीच्या काही प्रोसेसरांवर विंडोज मधूनमधून क्षणभर अडखळत असे; त्याचे मूळ सुरक्षेच्या एका अंतर्गत सोयीत आहे, असे कंपनीने २०२२ मध्ये मान्य केले आणि बायॉसच्या सुधारणेने ते दूर केले. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत गेले. अधिक व्होल्टेजमुळे आतील मंडलाची झीज होते, असे २०२४ मध्ये निष्पन्न झाले. कंपनीने सुधारणा दिली आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली. परंतु आधीच झिजलेला प्रोसेसर सुधारणेने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. म्हणून मदरबोर्डाच्या कंपनीने बायॉसची नवी आवृत्ती दिली आहे काय, हे अवश्य पाहावे. ती घालताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी.

आणखी एक सावधगिरी. यंत्र दिवसातून दोनदा हँग होत असेल आणि एखादा बदल केल्यावर तीन तास नीट चालले, तर दोष गेला असे म्हणू नये. तीन-चार दिवस वाट पाहावी. शक्य असल्यास केलेला बदल मुद्दाम मागे घेऊन दोष परत येतो की नाही तेही पडताळावे. तो परत आला, तरच आपला उपाय खरा. तोवर महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे व अभ्यासाच्या टिपणांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, कारण बटन दाबून बळेच बंद केलेल्या यंत्रात फायली बिघडतात.

शेवटी प्रत्येक भागाची पावती, खोके व हमीपत्र जपून ठेवावे. भाग परत घेण्याची दुकानदाराची मुदत थोडी असते. म्हणून तपासाला धीर हवा, पण तो आळसाने लांबवू नये. ‘यंत्र हँग होते’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार सहज वाटेला लावतो. ‘ही पट्टी दोन्ही खाचांत चुका दाखविते, दुसरी दाखवीत नाही, ह्या पाहा तारखा’ असे वही पुढे ठेवून सांगणाऱ्याला टाळणे त्याला जड जाते.

आणि घरात यंत्र हँग झाले म्हणून मुलावर तोंडसुख घेण्यापूर्वी आईवडिलांनी ती वही मागून पाहावी. तीत रोजची नोंद प्रामाणिकपणे केलेली असेल, तर पैसे वाया गेले नाहीत असे खुशाल समजावे. जो मुलगा किंवा मुलगी न चिडता, अंदाजावर न विसंबता, एकेक कारण पारखून बाजूला ठेवण्यास शिकली, तिच्या हाती उद्या पंपाची मोटर येवो की घराचा जमाखर्च, तेथेही ती सवय कामास येईल.