अंथरुणं वेगळी होण्याआधी

मुलाचं लग्न होतं, घरात नातवंड येतं. ते आजीजवळ झोपू लागतं आणि आजोबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत जातं. दोघांना तेच हवं असेल तर काहीच बिघडलं नाही. पण पुष्कळदा तिला वाटतं, यांचं मन उडालं. त्यांना वाटतं, हिला आता आवडत नाही. विचारत मात्र कुणीच नाही. कळकळीनं सांगते, आधी विचारा.

तिच्या नकारामागे पुष्कळदा दुखणं असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी आग होते. हे मुकाट सोसू नका, बायांनो. औषधाच्या दुकानात पाण्यात धुऊन जाणारं जेल मिळतं. तेवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ आतून लावायचं क्रीम देतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर मात्र लगेच दाखवा.

पुरुषाची गोष्ट आणखी अवघड, कारण तो बायकोलाही सांगत नाही. ताठरता टिकत नसेल तर सगळं वयावर ढकलू नका. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आधी त्या चोंदतात. हृदयविकाराची चाहूल कधीकधी दोन-चार वर्षं आधी इथेच लागते. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलता येते, आपल्या मनानं बंद करू नका. मित्रानं दिलेली 'ताकदीची' गोळी तर मुळीच घेऊ नका. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याचा रक्तदाब तिनं कोसळतो, जीवही जाऊ शकतो.

डॉक्टरांना कसं विचारायचं, ही लाज मला कळते. पण र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, मराठीत हे उघड लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. एवढं झाल्यावर आपण निदान दवाखान्यात तरी तोंड उघडावं.

शरीर आता सावकाश जागं होतं, त्याला वेळ द्या. गुडघे दुखत असतील तर कुशीवर झोपा, उशी घ्या. संबंध नकोच असेल त्या रात्री पाठीवर हात ठेवून पडून राहिलात तरी चालेल. आणि नातवंडाला अधूनमधून त्याच्या आईजवळ झोपू द्या.