इंजिनाचं घराणं स्वित्झर्लंडचं, पण रूळ एकेरी : मराठवाड्याच्या रेल्वेचं नेमकं अडतंय कुठं?

२६ ऑगस्ट २०२५ ला मुंबई-जालना वंदे भारत थेट नांदेडपर्यंत आली. स्टेटस पडले, रील फिरल्या, नांदेडकर खूश झाले. मग कुणीतरी टाइमटेबल बघितलं. सहाशे किलोमीटरच्या पुढचं अंतर आणि प्रवासाला साडेनऊ तासांच्या आसपास वेळ. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी पासष्टच्या घरात. गाडी मात्र बनलीये ताशी १६० ने पळायला.

आता आपल्याकडं एक ठरलेलं वाक्य आहे, "मराठवाड्याच्या वाट्याला सगळं जुनंच येतं." डब्यांबद्दल ते अनेकदा खरंही असतं. पण इंजिनाबद्दल? तिथं गोष्ट वेगळी आहे. आज नांदेड किंवा लातूरच्या प्लॅटफॉर्मवर एक्सप्रेसला जे विजेचं इंजिन लागतं, त्याचं घराणं युरोपातलं आहे आणि चांगलं तालेवार आहे.

सुरुवात इंजिनावर लिहिलेल्या अक्षरांपासून करू. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, डी म्हणजे डिझेल. तिसरं अक्षर कामाचं. पी म्हणजे प्रवासी गाडी, जी म्हणजे मालगाडी आणि एम म्हणजे मिक्स्ड, दोन्हीला चालणारं. अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझाइनवरचं डब्ल्यूडीएम-२ हे याच एम गटातलं. १९६० च्या दशकापासून देशभर याच डिझेल इंजिनांनी मेल ओढली आणि मालगाडीही ओढली.

आपल्यासारख्या भागाला हे एम फार महत्त्वाचं. गाड्या कमी, त्यात खत, साखर, धान्य आणि परळीच्या औष्णिक केंद्राचा कोळसा. एवढ्यासाठी दोन वेगळ्या जातींची इंजिनं कोण पोसणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती जलदूत आठवत असेल. पहिल्या खेपेत १० वाघिणी आणि साधारण ५ लाख लिटर पाणी. लातूरच्या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, त्यामुळं ते पाणीही डिझेल इंजिनानंच ओढत आणलं.

मग हे स्वित्झर्लंड मध्येच कुठून आलं?

१९९३ मध्ये भारतीय रेल्वेनं एबीबी या कंपनीशी करार केला. तीसेक इंजिनं विकत घ्यायची आणि सोबत ती बनवायचं तंत्रज्ञानही घ्यायचं. एबीबी तेव्हा स्विस रेल्वेसाठी 'लोक २०००' नावाचं इंजिन बनवण्यात गुंतलेली होती. त्याचं अधिकृत नाव आरई ४६०, अशी ११९ इंजिनं बनली. कल्पना अशी की दिवसा प्रवासी गाडी ओढायची आणि रात्री तेच इंजिन मालगाडीला लावायचं. आपलं डब्ल्यूएपी-५ याच डिझाइनवर बेतलं. त्याच करारातून मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ आलं.

पुढचं काम पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यानं केलं. १९९८ मध्ये त्यांनी पहिलं देशी डब्ल्यूएजी-९ बाहेर काढलं, नाव 'नवयुग'. आणि २००० मध्ये याच मालगाडीच्या इंजिनाचा गिअर बदलून प्रवासी गाडीचं इंजिन तयार केलं, डब्ल्यूएपी-७, नाव 'नवकिरण'. बाकी सांगाडा, ट्रान्सफॉर्मर, मोटारी जवळपास त्याच. एक ताशी १०० पर्यंत जड माल ओढतं, दुसरं ताशी १३० ने एक्सप्रेस नेतं. आज आपल्याकडच्या प्लॅटफॉर्मवर दिसणारं ते पांढरं इंजिन म्हणजे बहुतेक वेळा हेच डब्ल्यूएपी-७. इंजिन कमी पडलं तर डब्ल्यूएजी-९ सुद्धा प्रवासी गाडीला लावतात. अक्षरं पी आणि जी, पण घर एकच.

हे जमलं ते थ्री-फेज तंत्रामुळं. जुन्या विजेच्या इंजिनात डीसी मोटार असायची. कार्बन ब्रश झिजायचे, देखभाल सतत. नव्या इंजिनात वरच्या तारेतून आलेली २५ हजार व्होल्टची वीज आधी ट्रान्सफॉर्मरमध्ये उतरते, मग ती डीसी होते आणि इलेक्ट्रॉनिक्स तिची पुन्हा थ्री-फेज एसी करतं. गंमत इथंच आहे. या विजेची फ्रिक्वेन्सी हवी तशी कमी-जास्त करता येते. त्यामुळं एकच मोटार जड मालगाडी जागेवरून हलवायला जोरही देते आणि पुढं वेगही देते. शिवाय ब्रेक लावला की मोटारच जनरेटर होते आणि वीज परत तारेत जाते. डब्ल्यूएपी-७ तर डब्यांच्या एसी-दिव्यांनाही वीज पुरवू शकतं, मग गाडीच्या टोकाच्या जनरेटर डब्यात डिझेल जाळावं लागत नाही.

याचा फायदा मराठवाड्याला मिळायला मात्र तारा यायची वाट बघावी लागली. वर्षानुवर्षं वीज होती मनमाडपर्यंत, पुढं डिझेल. एकतर मनमाडला इंजिन बदला, नाहीतर तारांखालून मुंबईपर्यंत डिझेलच पळवा. जालन्याची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली, ती तारा पोहोचल्यावरच. अयोध्येतल्या त्याच कार्यक्रमात पहिल्या अमृत भारत गाड्यांनाही हिरवा झेंडा मिळाला. त्यांच्या दोन्ही टोकांना कोणतं इंजिन? डब्ल्यूएपी-५. म्हणजे स्विस नातवंडं अजून कामावर आहेत.

दरम्यान युरोपात काय झालं? १९९९ मध्ये स्विस रेल्वेनं प्रवासी आणि माल असे दोन विभाग पाडले आणि आरई ४६० प्रवासी विभागाकडं गेलं. दिवस-रात्रीची ती सुंदर कल्पना हिशेबाच्या वहीत अडकली. पण मिक्स्ड इंजिन मेलं नाही, उलट आणखी चाललं, कारण बाजारात इंजिन भाड्यानं देणाऱ्या कंपन्या आल्या. आज माल ओढणाऱ्याला द्यायचं, करार संपला की प्रवासी गाडीवाल्याला. सिमेन्सनं २०१० मध्ये आणलेलं व्हेक्ट्रॉन याच हिशेबानं बनलंय. देश बदलला की विजेचा व्होल्टेज बदलतो, तेही ते सांभाळतं. चार धुऱ्यांवर ६.४ मेगावॉट, म्हणजे साडेआठ हजार अश्वशक्तीच्या पुढं. आपलं डब्ल्यूएपी-७ सहा धुऱ्यांवर ६,३५० अश्वशक्ती देतं.

भारत मात्र आता उलट्या दिशेनं, वेगवेगळी यंत्रं वेगवेगळ्या कामाला, असा निघालाय. त्याच सिमेन्सला जानेवारी २०२३ मध्ये ९,००० अश्वशक्तीच्या १,२०० इंजिनांची ऑर्डर मिळाली, किंमत सुमारे २६ हजार कोटी. ही फक्त मालगाडीची इंजिनं. जुळणी गुजरातच्या दाहोदमध्ये आणि देखभालीच्या चार डेपोंपैकी एक पुण्यात. सिमेन्सचा बोगी बनवणारा कारखाना छत्रपती संभाजीनगरात आहे, हे किती जणांना माहीत असतं? (आपण डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा.)

प्रवासी बाजूला लातूर आहे. हरंगुळच्या मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीत वंदे भारत स्लीपरचे १,९२० डबे बनवायचं कंत्राट रेल विकास निगम आणि रशियन कंपनी टीएमएच यांच्या भागीदारीकडं आहे. त्या गाड्यांना वेगळं इंजिनच नाही, मोटारी डब्यांखाली.

म्हणजे यंत्राची बाजू भक्कम आहे. मग साडेनऊ तास का?

उत्तर चाकांच्या खाली आहे. परभणी ते मुदखेड मार्ग दुहेरी झालाय, पण परभणी ते मनमाडचा कणा एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीनं स्टेशनात थांबायचं, म्हणजेच आपलं लाडकं क्रॉसिंग. सहा हजार अश्वशक्ती असो की नऊ हजार, सिग्नल लाल असेल तर सगळे सारखेच. चांगलं इंजिन थांबल्यावर लवकर वेग पकडतं, इतकाच काय तो फरक. आणि मालगाड्या वाढल्या की अडकतात त्या प्रवासी गाड्याही.

छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं ३१ जुलै २०२५ ला मंजुरी दिली, वंदे भारत नांदेडला पोहोचायच्या महिनाभर आधी. अंकाई ते संभाजीनगर टप्पा त्याआधीच मंजूर झालेला. पुढच्या निवडणुकीत कुणी तुम्हाला नवी गाडी देतो म्हणालं तर या दोन टप्प्यांवर किती किलोमीटर रूळ टाकून झाले, ते आधी विचारा. आणि लातूरकरांनी अजून एक विचारावं. लातूर मध्य रेल्वेत, नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेनं जायचं तर लातूर रोड, परळी, परभणी, पूर्णा असा वळसा. लोह्यावरून थेट मार्गाची मागणी कितीतरी वर्षांची आहे.