गावचे घर आणि तडजोडीचा कागद

गणपतीच्या जेवणात गावच्या घरांचा विषय निघाला, आणि बऱ्याच जणांनी आमच्या घराचे काय झाले ते विचारले. मी रसायनशास्त्राचा माणूस, वकील नव्हे. पोळल्यावर वाचले, एवढेच.

आजोबांनी घर गहाण ठेवले होते. पैसे फेडून गहाण सोडवायला कायदा ३० वर्षे देतो. पण कोर्टाच्या हुकूमनाम्याने हा हक्क संपू शकतो, आणि तडजोडीचा हुकूमनामाही हुकूमनामाच. आमची तडजोड झाल्याचे मला इथे दोन महिन्यांनी कळले! काकांनी ती रद्द करायला नवा दावा लावला. त्यात चार वर्षे गेली. १९७६ च्या दुरुस्तीने (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश २३, नियम ३अ) ती वाट बंद आहे. फसवणूक झाली असेल तर ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली तिथेच अर्ज करायचा. सुप्रीम कोर्टाने २००६ साली पुष्पादेवी भगत खटल्यात हेच सांगितले.

"माझी सही नाही" म्हणूनही सुटका नाही. मुंबईच्या गारीवाला विरुद्ध युनियन बँक खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९१ साली पक्षकारातर्फे वकिलाने केलेली सही पुरेशी धरली. आमच्या मुखत्यारपत्रात तडजोडीचा अधिकार दिलेला होता. खाली सही माझीच, न वाचता केलेली. आई अजून त्यावर बोलत नाही.

नवे मुखत्यारपत्र करणाऱ्यांनी ती ओळ आधी शोधावी. नोटरीनंतर रॅलीला सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून अपॉस्टिल लागते. मी पुढच्या शुक्रवारी तिकडे जाणार आहे. कोणाचे कागद न्यायचे असल्यास गुरुवारपर्यंत घरी आणून द्या.