पाडव्याचा चोपडा : जमा, नावे आणि ‘आम्ही’

पाडव्याच्या शुभेच्छा आणि साल मुबारक. बडोद्यात राहायचं तर दोन्ही द्यावं लागतं.

आमच्याकडे पाडवा पहाटेच्या अंधारातच सुरू होतो. ‘सबरस, सबरस’ असं ओरडत पोरं शकुनाचं मीठ विकायला येतात. गुजराती बेसतं वरस ना! ते मीठ घेऊन झालं की सौ. पाट मांडते, मला तेल लावते, मग आंघोळ आणि ओवाळणी. सात वाजत नाहीत तोच शेजारी दारात हजर. एकाच सकाळी मी गुजराती हिशोबाने नव्या वर्षात जातो आणि मराठी हिशोबाने ओवाळणीपुरता गरीब होतो.

खरा कार्यक्रम संध्याकाळी. १९८८ साली, लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला, शेजारच्या कापडवाल्या काकांनी आम्हाला एक लाल चोपडा दिला. म्हणाले, नवा संसार आहे, हिशोब ठेवा. पैशांचा हिशोब दोन महिन्यांत बंद पडला. पण दर पाडव्याला एक पान लिहायचं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, ही पद्धत राहिली. वर्षभरात काय मिळालं, काय गेलं, कोण कुठे फजीत झालं, सगळं त्यात. ती स्वयंपाकघरातून सांगायची, मी लिहायचो, खाली तिची सही. अशी ३६ पानं माझ्या अक्षरात आहेत.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत मी स्टुलावरून पडलो आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून ३७वं पान तिने लिहिलं. (हे सुद्धा ते फोनला बोलून सांगताहेत आणि मी दुरुस्त करतेय. कंसातलं माझं. – सौ.)

पानातलं थोडं तुम्हालाही सांगतो.

जमा : डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितल्यावर मी रोज सकाळी कमाटीबागेत चालायला जाऊ लागलो. (नावे : बागेच्या वाटेवरची सेव-उसळ. शर्टावरच्या तर्रीच्या डागावरून कळलं. – सौ.)

नावे : ३६ वर्षांत पहिल्यांदा घरी फराळ झाला नाही. लीलो चेवडो आणि चकली दुकानातून आली. (हे मी ‘जमा’मध्ये लिहिलं आहे. – सौ.)

आता मोठी नोंद. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री घरात आली. आम्ही समा भागात तळमजल्यावर राहतो. जन्माष्टमीचा दिवस, सुंठवडा करून ठेवलेला, आणि बघता बघता पाणी गुडघ्यापर्यंत. ‘मिळेल ते घ्या आणि वर चला,’ असं वरच्या मजल्यावरून ओरडले. सौ.ने देव, औषधांचा डबा, लोणच्याची बरणी आणि चोपडा घेतला. मी टीव्हीचा रिमोट घेतला. टीव्ही खालीच राहिला.

वरच्या शहाकाकांच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं तीन रात्री राहिलो. वीज नाही, प्यायला मोजून पाणी. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये एक ओंडका तरंगताना दिसला. स्कूटरला धडकेल म्हणून मी काठी घेऊन जिना उतरायला लागलो, तर शहाकाकांचा नातू किंचाळला, “दादा, ए लाकडुं नथी, मगर छे!” विश्वामित्रीतल्या मगरी आम्हा बडोदेकरांना नव्या नाहीत, पण त्या घरी भेटायला येतील असं वाटलं नव्हतं. (ओंडक्याने डोळे मिटले-उघडले होते. ह्यांनी चष्मा खाली ठेवला होता. – सौ.)

पाणी उतरलं. फ्रिज, वॉशिंग मशीन, दिवाणातल्या गोधड्या, सगळं गेलं. त्याचं एवढं नाही. पण भिंतीवरचा पणजोबांचा फोटो गेला, ते मात्र लागलं. गायकवाड सरकारच्या खानगी कारभारातल्या मंडळींचा तो ग्रुप फोटो. आल्यागेल्या प्रत्येकाला मी त्यापुढे उभं करून सयाजीरावांच्या काळापासूनची आमची कथा ऐकवत असे. (पणजोबा तिसऱ्या रांगेत उभे होते, कारकून होते. ह्यांच्या कथेत दर दिवाळीला त्यांना बढती मिळते. – सौ.)

दहा दिवसांनी गणपती बसले ते चिखलाच्या वासातच. पुण्याहून मुलगा आला, भिंतींची ओल पाहून म्हणाला, “बाबा, विका हे. दोघं पुण्याला चला.” मी ताठ बसून सांगितलं, “आम्ही बडोदं सोडणार नाही. चार पिढ्या झाल्या इथे.” तो गेला. विषय संपला, असं मला वाटलं.

पाडव्याला तिने पान लिहून पुढे केलं. नावेच्या रकान्यात सगळ्यात खाली होतं : ‘मला पुण्याला जायचं होतं. कुणी विचारलं नाही.’

मी ते दोनदा वाचलं. मग म्हणालो, “अगं, मग बोलायचं ना तेव्हा!” ती म्हणाली, “तुम्ही ‘आम्ही’ म्हणालात. मला वाटलं, माझंही सांगून झालं.”

मंडळी, एवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं. आपण बडोद्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे, बेळगावचे लोक आठवणी लिहितो तेव्हा काय लिहितो? पणजोबा कुणाबरोबर आले, कुठला वाडा, कुठली नोकरी. सगळीकडे ‘आम्ही’. पण बहुतेक घरांत त्या ‘आम्ही’तली अर्धी माणसं लग्न होऊन आलेली. माझी बायको साताऱ्याची. तिचे चार पिढ्यांचे पणजोबा बडोद्यात नव्हते. तिने इथली भाषा भाजीवाल्याकडून शिकली, गरबा शेजारणींकडून, उंधियू शहाकाकूंकडून. बडोदं मला वारशात मिळालं, तिने ते कमावलं. असं असून घर ठेवायचं की विकायचं याचं उत्तर मी तिसऱ्या रांगेतल्या कारकुनाला विचारून दिलं!

त्या रात्री मी जुनी ३६ पानं काढून वाचली. सगळी विनोदी, सगळी माझी. १९९६च्या पानावर ‘बदली नाकारली, बडोदं राखलं’ असं जमेत लिहिलंय. तिला विचारलं, तेव्हा तुझं काय मत होतं? म्हणाली, “बदली कोल्हापूरला होती. साताऱ्याहून किती जवळ, बघा तुम्हीच.” खाली तिची सही आहे. सहीला आपण संमती समजतो, हा आपल्या घरांतला फार जुना घोटाळा.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं, की जुन्या आठवणी लिहाच, पण दर दिवाळीला चालू वर्षही लिहा. नातवाचं पॅकेज आणि सिंगापूरची ट्रिप तर ग्रुपवर येतेच. गेलेला फ्रिज, वाढलेली साखर, न विचारलेला प्रश्न हेही येऊ द्या. आणि पेन आधी घरातल्या बाईच्या हातात द्या. त्यासाठी हात मोडायची वाट बघू नका.

आमचं काय ठरलं? घर विकलेलं नाही. डिसेंबर ते मार्च पुण्याला राहून बघायचं, पावसाळ्याआधी परत बसून बोलायचं. मला काळजी एकच, तिला तिकडे करमलं तर? (आणि मला काळजी, ह्यांना करमलं तर पुढच्या पाडव्याला म्हणतील, मीच ठरवलं होतं. – सौ.)

(शेवटची नोंद राहिली. ओवाळणीची पाचशेची नोट माझ्याच पर्समधली होती. नावे. – सौ.)