आधी दीड महिना नुसतं पाणी पाळा

"प्यायला पाण्याची मारामार, अन् तुला घरात समुद्र पाहिजे व्हय गं?"

खाऱ्या पाण्याच्या टाकीचा विषय काढला तेव्हा आजीनं विचारलेला हा प्रश्न. मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी कुणी रील्स बघून नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशच्या प्रेमात पडला असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही घरात कुणीतरी विचारणारच आहे. तेव्हा उत्तर आधीच तयार ठेवलेलं बरं.

आपण बालाघाटच्या पठारावरचे लोक. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पुढं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आपण शाळेत होतो, पण टँकरमागं कळशी घेऊन पळणं काही विसरलो नाही. गोड्या पाण्यातले गप्पी, गोल्डफिश पाळणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र अजून नवलाई आहे, आणि म्हणूनच ती करायची खाज आहे. मलाही होती.

माझी पहिली टाकी अकरा दिवस टिकली. एका मोठ्या शहरातल्या दुकानदारानं सांगितलं, "पाण्यात मीठ मिसळा, दोन दिवस मशीन चालू ठेवा, तिसऱ्या दिवशी मासे सोडा बिनधास्त." मी तिसऱ्या दिवशी दोन मासे सोडले. आठवडाभरात एक तळाशी आडवा झाला, दुसरा वर येऊन तोंड उघडझाप करत राहिला. पाणी अगदी स्वच्छ, काचेसारखं दिसत होतं. मला वाटलं, मासेच आजारी होते. आजारी नव्हते. ते स्वतःच्याच घाणीच्या विषात मेले, आणि त्या विषाला रंगही नसतो, वासही येत नाही.

टाकीत मासा खातो, विष्ठा करतो, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. समुद्रात तो पसरून जातो, शंभर लिटरच्या काचेत कुठं जाणार? त्याचा बंदोबस्त करतात जिवाणू. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, पण तेही घातकच. दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोडं असलं तर मासे सहन करतात. हे जिवाणू दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, आणि ही वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लावून अर्ध्या तासात दही मागणाऱ्याला आपण काय म्हणतो? मी तेच केलं होतं.

म्हणून पहिला महिना-दीड महिना टाकी रिकामी चालवायची. म्हणजे पाणी, मीठ, दगड, पंप सगळं चालू, फक्त मासा नाही. जिवाणूंना खायला काहीतरी हवं, म्हणून कोळंबीचा छोटा तुकडा किंवा माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची आणि तो कुजू द्यायचा. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटनं पाणी तपासायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. दोन्ही शून्यावर येऊन तिथंच थांबले की टाकी तयार. मध्ये दगडांवर तपकिरी थर येतो, टाकी घाणेरडी दिसते, येणारे-जाणारे हसतात. हसू द्या.

माझं मत सरळ आहे. हे सहा आठवडे ज्याला नुसतं पाणी बघत काढता येत नाहीत, त्यानं मासा आणूच नये. पैशाची परीक्षा नंतरची, ही पहिली.

आता आजीचा प्रश्न. मला वाटायचं, पाण्याच्या मुद्द्यावर आपण हरणारच. मग एक दिवस वही घेऊन हिशोब मांडला. टाकी शंभर लिटरची धरू. याहून लहान नको, कारण पाणी जितकं कमी तितका बिघाड झपाट्यानं होतो. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे दहा लिटर. उन्हाळ्यात रोज दीड-दोन लिटर वाफ होऊन उडतं, ते धरा आठवड्याला बारा. झाले बावीस लिटर. हे बोअरचं चालत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादलीच्या कडेला दिसतंच. म्हणून आरओचं लागतं, आणि घरातलं आरओ मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर सोडतं. म्हणजे आठवड्याला कच्चं पाणी सत्तर-ऐंशी लिटर. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचं आहे. तर ही टाकी आठवड्याला एका माणसाचं दीड दिवसाचं पाणी घेते. त्यातलं आरओनं बाहेर टाकलेलं पाणी बादलीत धरून फरशी, संडास, गाडी धुवायला वापरलं तर खरा खर्च उरतो तो बावीस लिटरच. आपल्यातले काही जण दर रविवारी पाइप लावून बाइक धुतात, त्यांनी तरी मला पाणी शिकवू नये.

अर्थात हा हिशोब नळाला पाणी येतं तेव्हाचा. गावात टँकर सुरू झाला की मात्र मी आजीच्या बाजूनं. तेव्हा नवी टाकी सुरू करायचा विचारही नको. आणि बदललेलं खारं पाणी तुळशीला, परसातल्या झाडांना, शेताच्या बांधावर ओतायचं नाही. एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम मीठ तुम्ही जमिनीत घालाल. ते मोरीतच जाऊ द्या.

मीठ म्हटल्यावर एक गैरसमज. किराण्यातलं मीठ टाकलं की समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बरंच काही ठराविक प्रमाणात असतं. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळतं, तेच घ्यायचं आणि वेगळ्या बादलीत विरघळवून मगच टाकीत घालायचं. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, अंदाजपंचे चालत नाही. आणि वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा, रोज सकाळी रेघेपर्यंत भरा. माझ्या ओळखीच्या एकानं महिनाभर खाऱ्या पाण्यानंच भर घातली. शेवटी त्या टाकीत लोणचं घालता आलं असतं.

खरा शत्रू पाणी नाही, मे महिना आहे. क्लाउनफिशला साधारण २४ ते २७ अंश तापमान मानवतं. आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात तर आणखी कमी. पाणी थंड करायचं मशीन मिळतं, पण ते महाग आणि वीज खाणारं. यात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे, कोकणातल्यांकडं नसलेली. आपली हवा कोरडी आहे. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. फक्त पंखा लावला की वाफ वाढते, म्हणजे रेघेपर्यंत भरायचं पाणीही वाढतं. तरीही पहिली टाकी मार्च ते जूनमध्ये सुरू करू नका. दिवाळीनंतर बसवा, उन्हाळ्यापर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

आणि लाइट गेली तर? पाणी हलवणारा छोटा पंप पाच-दहा वॅटचा असतो, घरातल्या इन्व्हर्टरवर तासन् तास चालतो. तो एकच जोडून ठेवा. दिवे बंद पडले तर मासा मरत नाही, पाणी थांबलं तर मरतो.

मासा कुठून आणायचा, हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. आपण विचारायला पाहिजे. सागरी शोभेच्या माशांपैकी पुष्कळ प्रजाती आजही समुद्रातून पकडूनच आणल्या जातात. क्लाउनफिशचं तसं असायची गरज नाही, तो बंदिस्त पाण्यात वाढवता येतो. नवी मुंबईत ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात त्याची पैदास केली गेली आहे, केरळात विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रानं हे तंत्र आधीच बसवलं आहे. तेव्हा दुकानदाराला थेट विचारा: हा पैदास केलेला आहे की पकडलेला? उत्तर टाळलं तर तिथून निघा. जिवंत प्रवाळ किंवा समुद्रघोडा "गुपचूप देतो" असं कुणी म्हणालं तर आणखी लवकर निघा. रीफ बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. शोभेसाठी ते घरात आणणं हा गुन्हा आहे. दगड म्हणून सिरॅमिकचे तुकडे पुरतात, जिवाणूंना त्यात काही कमीपणा वाटत नाही. आणि कार्टूनमधल्या डोरीचा हट्ट धरू नका. तो निळा मासा फूटभर वाढतो, आपल्या टाकीत त्याला वळायलाही जागा नाही.

शेवटी जो मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, तो. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तुमची डिग्री तीन वर्षांची. त्यानंतर कुणी पुण्याला एमपीएससीला, कुणी हैदराबादला नोकरीला. रूमवर राहणाऱ्याची तर दर जूनला रूम बदलते. दिवाळीच्या सुट्टीत वीस दिवस रूमला कुलूप, परीक्षेच्या काळात स्वतःच्या जेवणाचं भान नाही. हा प्राणी तुमच्या भाडेकरारापेक्षा जास्त जगणार आहे, आणि त्याला विकत घेताना आपण फक्त रील किती भारी होईल एवढंच बघतो.

म्हणून रूमवरच्या टाकीला माझा विरोध आहे. घरी कायम राहणारं, मनापासून तयार असलेलं माणूस असेल तर घरी करा. नाहीतर कॉलेजात करा. प्राणिशास्त्र विभागात एक दीडशे-दोनशे लिटरची टाकी, दहा-बारा जणांचा गट, भिंतीवर पाळीचा तक्ता, सिनिअर गेले की ज्युनिअरकडं वही सोपवायची. रसायनशास्त्रवाल्यांना अमोनिया-नायट्रेटची चाचणी आयतीच मिळेल, पुस्तकातलं नायट्रोजन चक्र डोळ्यांसमोर फिरेल. दहा टाक्यांना लागणारं पाणी एका टाकीला लागत नाही, हेही आहेच. मुंबईतलं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे, आणि ते सुरू असतानाही आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं होतं? आपल्याकडं पाणी बघायला लोक पावसाळ्यात नळदुर्गच्या पाणीमहालात जातात. तिथं माणूस खोलीत उभा आणि खिडकीबाहेर पाणी कोसळत असतं. काचेच्या आतला समुद्र इथल्या एखाद्या कॉलेजच्या व्हरांड्यात का नसावा?

माझी दुसरी टाकी सध्या घरी, थंड भिंतीजवळ आहे. पाचवा आठवडा. अमोनिया शून्य, नायट्राइट अजून थोडं दिसतंय. मी बाहेर असले की रेघेपर्यंत पाणी आजीच भरते, शिव्या देत देत. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "टाकीत मासे कुठायत?" तर माझ्याआधी तीच म्हणाली, "पाणी अजून पिकायचंय."